डबीत मावणाऱ्या वस्तू

लहान मूल घरात आलं की लोक खेळणी आणतात आणि डोकं घरी ठेवून येतात, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत तयार झालं मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत, माझी मुलगी सात-आठ महिन्यांची असताना. तिला आता स्वतःची मुलं आहेत, पण ते मत बदलावं असं काही अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला होते. तिथं शेगडीचे पितळी सुटे भाग बनायचे. माझ्या हातात एक गेज असायचं, दोन टोकांचं. प्रत्येक भाग एका टोकातून गेला पाहिजे आणि दुसऱ्या टोकातून जाता कामा नये. दुसऱ्यातून गेला की बाद. त्यात दयामाया नाही, सुपरवायझरचा मेहुणा नाही, काही नाही. पाच वर्षं मी हे काम केलं आणि मला ते मनापासून आवडायचं. बाळ झालं तेव्हा ते सांभाळायला घरात कुणी नव्हतं. नोकरी कुणी सोडायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. मी घरी बसले. हाताला मोजायची सवय आणि समोर मोजायला काही नाही, अशी माझी अवस्था होती. त्या वर्षी मी सगळ्यांवर चिडलेली असायची, आणि चिडायला कारण लागत नव्हतं.

मग एकदा मुलीला इंजेक्शन द्यायला नेलं. तिच्या हातात रबरी बदक होतं, दाबलं की चूं करणारं. डॉक्टरीणबाईंनी ते घेतलं, उलटं केलं, पोटाखालची शिट्टी नखानं उचकली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ही हिच्या घशात बसली असती तर मी इथून काही करू शकले नसते, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी मला एक युक्ती सांगितली. फोटोच्या रोलची डबी असते ना, काळी, करड्या झाकणाची, तीत जे मावतं ते एवढ्या बाळाच्या घशात अडकू शकतं. ते तिच्या हाताला लागता कामा नये.

त्यांना वाटलं असेल, एका आईला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी माझ्या हातात गेज दिलं होतं हे त्यांना कुठून कळणार?

बारशाच्या फोटोंच्या रोलची एक डबी घरात होती. तीत नवरा सुपारी ठेवायचा. त्या संध्याकाळी मी सुपारी कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या हातात दिली, डबी धुतली आणि घरातली एकूणएक वस्तू मोजायला बसले. खुळखुळ्याची मूठ, बाहुलीचा बूट, भातुकलीतली पळी, गाडीची चाकं. जे डबीत गेलं ते बाद. जे ओढून, चावून, आपटून तुटत होतं आणि तुटल्यावर डबीत जात होतं तेही बाद. बाद झालेला माल मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून कपाटावर चढवला. खाली उरलं काय, तर एक लाकडी लाटणं, दोन स्टीलच्या वाट्या, कापडाचा चेंडू आणि एक मोठा प्लॅस्टिकचा मग. मुलगी त्यावर खूश होती. बाकी कुणीच नव्हतं.

नवरा म्हणायचा, कंपनीत तपासणीला क्यूसी आहेच, आता घरीही आलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या सगळ्या घराण्याला कुठलीही गोष्ट हसून टाळायची सवय होती. माझी नणंद खुलताबादला दिलेली. ती उरुसातून पत्र्याची मोटार आणि एक गुबगुबीत बाहुली घेऊन आली. मी चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत तिच्यासमोरच बाहुलीचा डोळा नखानं खेचून पाहिला. तो डिंकानं चिकटवलेला होता, लगेच हातात आला. मी तो डबीत टाकून तिला दाखवला. पाहुणीसमोर असं करायचं नसतं, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं, पण राग कळण्याच्या पुढे धावत होता. मोटारीच्या पत्र्याची कड बोटाला लागते हेही मी तिला सांगून टाकलं. ती चहा अर्धा ठेवून गेली. जाताना म्हणाली, आम्ही काय असंच वाढलो नाही का?

हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी मला त्याचा वीट आला. आम्ही माती खाऊन वाढलो, आम्ही गोट्या तोंडात घेऊन झोपायचो, आम्हाला काय झालं. अरे, तुम्हाला काही झालं नाही म्हणून तर तुम्ही माझ्या घरात बसून चहा पिताय. जी वाढली नाहीत ती सांगायला येत नाहीत. हे मी एकदा शेजारणीला म्हणाले, तर ती म्हणाली, असं अभद्र बोलू नये. म्हणजे बोलायचंही नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

अशा दिवसांत माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायची. खुलताबादच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर त्यांची वाडी. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला, आता आठ-दहा मेंढ्या उरल्या होत्या आणि त्याही पुतण्याच्या हवाली केल्या होत्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, त्याचं ऑपरेशन शहरात झालं आणि पुढचे काही आठवडे त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर काढायचे ठरलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धड दिसत नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं दवाखान्यातून बजावलेलं. ते दिवसभर भिंतीला टेकून बसायचे आणि ऐकायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ते सांगायचे, आता होईल. रुळावरून मालगाडी जातेय की प्रवासी गाडी, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

आल्या दिवशीच त्यांनी बंडीच्या खिशातून एक घंटी काढली. पितळेची, बोराएवढी, झिजून गुळगुळीत झालेली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. पोरीला बांध, एवढंच म्हणाले.

मी काय केलं ते सांगायला नको. घंटी डबीत टाकली. ती सरळ तळाला गेली आणि टणकन वाजली. मामांनी तो आवाज ऐकला. मी म्हटलं, मामा, ती थोडी मोठी झाली की बांधू. ते म्हणाले, बरं. आणि घंटी कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात गेली.

त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी ते विचारायचे, घंटी बांधली का? मी म्हणायची, नाही. ते म्हणायचे, बरं. पुन्हा दोन दिवसांनी तोच प्रश्न. मला त्याचा भयंकर वैताग यायचा. एकदा तर मी भांडी घासता घासता ऐकवलं की माझ्या घरात काय बांधायचं आणि काय नाही ते मला ठरवू द्या. तरीही घंटी कशाला बांधायची हे काही त्यांनी सांगितलं नाही. या घरातली पुरुषमाणसं काय करायचं ते सांगतात, का करायचं ते सांगत नाहीत. याचा राग मला आजही आहे, आणि तो मी मुद्दाम सोडलेला नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसे. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी पहाटे यायचं. एकदा मात्र पाण्याचा वार नसताना, भर दुपारी आलं. गल्लीत बायकांची पळापळ सुरू झाली. मी मुलीला आतल्या खोलीत सतरंजीवर बसवलं, भोवती उशा लावल्या, समोर वाट्या, लाटणं आणि मग ठेवला. दारातून एकदा सगळ्या खोलीवर नजर फिरवली. डबीत मावेल असं तिथं काही नव्हतं. याची मला इतकी खात्री होती की मी निर्धास्त मागच्या मोरीत गेले. नळ, टाकी, दोन पिंपं, बादल्या. पाणी बारीक धारेनं येत होतं आणि कधीही जाईल अशी धास्ती होती.

बराच वेळ आतून वाट्यांचा आवाज येत होता. मग तो मला ऐकू येईनासा झाला, किंवा मी ऐकायचं सोडलं. पुढच्या खोलीतून मामांचा आवाज आला.

"गप का झाली गं?"

मी म्हटलं, खेळत असेल, मामा.

"खेळतं लेकरू गप नसतं, बाई."

मला आठवतंय, मी कपाळाला आठ्या घातल्या. आंधळ्या माणसानं खाटेवर बसून मला मूल सांभाळायला शिकवावं! बादली अर्धी भरली होती. मी म्हटलं, एवढी बादली होऊ द्या, बघते. आणि ती बादली मी काठोकाठ भरू दिली. हे वाक्य मी आजवर कधी कुठं लिहिलेलं नाही. बादली भरायला किती वेळ लागला असेल मला माहीत नाही. नळ बंद करून मी पदर पिळला आणि आत आले, तेव्हा मामा माझ्या आधी तिथं पोचले होते. भिंतीला हात लावत, वाटेतली खुर्ची पाडून.

मुलगी बसल्या जागी होती. तोंड उघडं, ओठ निळसर, डोळ्यांत पाणी, आणि आवाज अजिबात नाही. मी दारातच उभी राहिले. मामा खाली बसले, हातानं चाचपून त्यांनी तिला उचललं, पालथी करून डाव्या हातावर घेतली, डोकं खाली, जबडा बोटांत धरलेला, आणि उजव्या तळव्यानं तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध मारायला लागले. एक. दोन. जोरात. मला वाटलं, तिची हाडं मोडतील. चौथ्या का पाचव्या दणक्याला फरशीवर टक् झालं, आणि मग ती रडली. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मामांनी तिला माझ्याकडे दिली आणि विचारलं, काय व्हतं?

मी फरशीवर शोधलं. काळा मणी होता, मोठ्या वाटाण्याएवढा.

नजर लागू नये म्हणून बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतात. माझ्या आईनं बारशाला आणल्या होत्या, बारीक मणी आणि मधे एक-एक मोठा. मुलीचं मनगट भरलं तशा त्या घट्ट व्हायला लागल्या, म्हणून दोन दिवसांपूर्वी मीच त्या सोडवून पुन्हा ओवल्या होत्या, साध्या शिलाईच्या दोऱ्यात. तिनं तो दोरा चावून चावून भिजवला आणि तोडला होता. बाकीचे मणी सतरंजीवर पसरले होते. मी घरातलं लाटणंसुद्धा मोजलं होतं. पाहुण्यांच्या बाहुल्यांचे डोळे उपटले होते. तिच्या अंगावर, चोवीस तास, तोंडापासून वीतभर अंतरावर जे होतं, ते मात्र मोजायचं मला सुचलंच नाही. कारण ते खेळणं नव्हतं. ते तर तिला जपायला घातलेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी डबी आणली आणि मणी तीत टाकला. कशाला टाकला कोण जाणे. तो मावणार हे दिसतच होतं. मग कात्रीनं दुसऱ्या हातातली मनगटी कापली. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. आईवर, दोऱ्यावर, नको त्या वेळी आलेल्या पाण्यावर. पण समोर फक्त मामा होते, आणि त्यांनी एकदा सोडून दोनदा मला हाक मारली होती. मी रडायला लागले. मला स्वतःचा इतका राग आला होता की मुलीला छातीशी धरायचीही लाज वाटत होती.

मामांच्या पट्टीखालून पाणी येत होतं, वजन उचलल्यामुळं डोळा दुखावला असणार. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ या, तुम्हालाही दाखवू आणि हिलाही. ते म्हणाले, जाऊ. आधी घंटी आण.

मी स्टुलावर चढून पत्र्याचा डबा काढला. त्यांनी घंटी चाचपली, मुलीच्या कमरेचा करदोडा हातानं शोधला आणि तिच्या पाठीच्या बाजूला, मधोमध, दोऱ्याच्या तीन गाठी मारून ती बांधली. दोरा इतका आखूड ठेवला की घंटी पाठीवरून पुढं येईना.

"पाठीलाच बांधायची असती. तोंडापत्तूर येत नाय," ते म्हणाले. मग गाठ ओढून बघत, "मेंढराला घंटी वाजाया नसती बांधत, बाई. वाजायची थांबली की बघाया असती."

हे आधी का नाही सांगितलंत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते अजून बोलत होते, माझ्याकडे तोंड न करता.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी एक पोरगी व्हती मला. वर्साची झाली व्हती. चिंचोके घिऊन खेळत व्हती घरात. मी दाराम्होरंच मेंढरू कातरत व्हतो. ती गप झाली. म्हनलं, शानी हाय, गप बसलीया. एवढं मेंढरू हातावेगळं करतो, मंग बघतो."

त्यांनी घंटी एकदा बोटानं हलवली.

"तिला घंटी नव्हती."

मोरीत भरलेली बादली तशीच होती. माझ्या बादलीचं त्यांना कळलं होतं. नळ चालू असताना मी काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी मला त्यांचं मेंढरू सांगितलं. एरवी त्यांनी ते कुणालाच सांगितलं नसतं. मला वाटलं, त्यांनी मला झोडपलं असतं तर बरं झालं असतं, ते सोसायला सोपं गेलं असतं.

"त्याला ठावं नाय," मामा म्हणाले. त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "सांगू नगंस."

मी मान हलवली, आणि मग त्यांना दिसत नाही हे आठवून, नाही सांगत, असं म्हटलं. मण्याचंही सांगू नका, हे मी बोलले नाही. पण त्यांनीही ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. रिक्षा करून आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीची छाती तपासली, श्वास नीट आहे म्हणाल्या. डोळ्याच्या दवाखान्यात मामांची पट्टी बदलली आणि काय उचललंत म्हणून त्यांना दटावलं. ते म्हणाले, काय नाय, नात.

संध्याकाळी पहिली पाळी संपवून, वाटेत भाजी घेऊन नवरा आला. मुलगी रांगत त्याच्याकडे गेली आणि घंटी वाजली. त्यानं तिला उचललं, पाठीमागं हात घातला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. अरे, ही तर माझी घंटी, म्हणाला. लहानपणी हीच त्याच्या करदोड्याला होती, तो कुठंही लपला तरी सापडायचा. मग त्याला डबीची आठवण झाली आणि त्यानं माझी थट्टा सुरू केली. क्यूसीवाल्या बाई, ही डबीत मावते ना? मग बाद कशी नाही झाली?

मी मामांकडे पाहिलं. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, नव्या पट्टीखाली डोळा मिटलेला, कान मुलीकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "वाजतीया तवर बरं हाय."

नवरा हसला. आम्ही दोघं हसलो नाही.